चंद्रदर्शन प्रतिपदेला की बीजेला?

प्रश्न असा आला आहे: "लग्न झाल्यावर सासूबाईंनी दर महिन्याला चंद्रदर्शन करायला सांगितलं. कॅलेंडरात ते कधी प्रतिपदेला छापलेलं असतं, कधी द्वितीयेला. २०२५ साली तर गुढीपाडव्यालाच होतं. मग दिवस धरायचा कोणता? पंचांगात त्यापुढे 'मु. ३०, उ. शृंगोन्नती' असं लिहितात ते काय असतं? ढग असले तर काय करायचं? चंद्र दिसल्यावर म्हणायचं काय? आणि नणंद न्यू जर्सीला असते, तिला आपलंच कॅलेंडर चालेल का?"

मी पौरोहित्य करतो आणि पंचांगाचं गणितही करतो, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. दिवसाचं आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

आपण दिवसाला नाव देतो ते सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं. चंद्रदर्शन म्हणजे अमावास्येनंतरची चंद्राची पहिली कोर बघणं, आणि ती दिसते सूर्यास्तानंतर, पश्चिमेला. म्हणजे नाव पडतं सकाळी आणि घटना घडते संध्याकाळी. मधल्या बारा तासांत तिथी बदललेली असू शकते. कॅलेंडरवाला 'चंद्रदर्शन' छापतो ते संध्याकाळचा हिशेब करून, आणि आपण वाचतो सकाळचं नाव. म्हणून कधी प्रतिपदा दिसते, कधी द्वितीया. छापणाऱ्याची चूक नसते त्यात.

तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला त्याचं माप. अमावास्या संपते तेव्हा दोघांचं अंतर शून्य. तिथून बारा अंशांपर्यंत प्रतिपदा, बारा ते चोवीस द्वितीया. चंद्राला हे बारा अंश चालायला सरासरी चोवीस तासांच्या जरा आतच वेळ लागतो, पण तो काही घड्याळाच्या काट्यासारखा चालत नाही. पृथ्वीजवळ असला की झपाझप चालतो, लांब असला की रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत आटपते, तर एखादी साडेसव्वीस तास पुरते.

तुम्ही म्हणता तो गुढीपाडवा बघा. २९ मार्च २०२५ ला दुपारी साडेचारच्या सुमारास अमावास्या संपली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, दुपारी पाऊणच्या आसपास प्रतिपदाही संपून गेली. जेमतेम सव्वावीस तासांची प्रतिपदा! पुण्यात सूर्य मावळला पावणेसातच्या आत. तोवर चंद्र सूर्यापासून पंधरा अंशांच्याही पुढे गेला होता. संध्याकाळी कोर दिसली, सिंधी मंडळींचं नवं वर्ष, चेटीचंड, त्याच दिवशी झालं आणि दुसऱ्या दिवशी रमजान ईद. ज्यांनी 'बीज उद्या आहे' म्हणून ३१ तारखेची वाट पाहिली, त्यांना द्वितीया त्या दिवशी सकाळी सव्वानऊलाच सोडून गेली होती. संध्याकाळी त्यांनी पाहिली ती तृतीयेची कोर.

आता आदल्या दिवाळीतला पाडवा घ्या. अमावास्या संपली १ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी सव्वासहाला. पाडवा दोन तारखेचा. पण ती प्रतिपदा रात्री आठ वाजून वीस मिनिटांपर्यंत लांबली, सव्वीस तासांची. सूर्यास्ताला चंद्राने अकराच अंश गाठले होते, वर तो आकाशात तिरका, क्षितिजाला चिकटलेला. कोण बघणार? त्यामुळे चंद्रदर्शन छापलं गेलं तीन तारखेला, भाऊबीजेला. दोन्ही पाडवेच. सूर्यास्ताच्या वेळी एकीकडे चंद्राचं वय सव्वीस तास, दुसरीकडे पावणेचोवीस. वयात फरक अडीच तासांचा, पण एकाला पाडव्यालाच दर्शन आणि दुसऱ्याला बीजेला.

घरच्या वापरासाठी ठोकळा नियम इतकाच ठेवा: सूर्यास्ताच्या आधी द्वितीया लागून गेली असेल तर त्याच संध्याकाळी बघा, दिवसाचं नाव काही का असेना. नसेल लागली तर दुसऱ्या दिवशी.

शिवरायांच्या मुद्रेवर 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः' आहे ते आपल्याला पाठ असतं. प्रतिपदेचा चंद्र दिसतच नाही, मग ती उपमा कशी, असा प्रश्न मला शाळेतल्या मुलांनीही विचारला आहे. दिसतो की! पाडव्याच्या दिवशी संध्याकाळी दिसतो, २०२५ ला दिसला तसा. त्याची तिथी तोवर बदललेली असते इतकंच.

ठोकळा नियम म्हटलं, कारण तो मला एकदा चांगलाच अंगाशी आला आहे. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. भाद्रपद महिना, पाऊस उघडलेला. एका यजमानांकडच्या आजी चंद्र बघितल्याशिवाय जेवत नसत. मी पंचांगात पाहिलं, सूर्यास्ताच्या जरा आधी द्वितीया लागत होती. छातीठोकपणे सांगितलं, आज दिसणार. सगळं घर गच्चीवर. निरांजन, पाण्याचा तांब्या, आजी खुर्चीवर पश्चिमेला तोंड करून. आकाश स्वच्छ. सात वाजले, सव्वासात झाले, चंद्र नाही. शेवटी आजी उठल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं पंचांग त्यानं वाचलेलं दिसत नाही."

घरी येऊन मी गणित मांडलं. चंद्र सूर्यापासून बारा अंशांवर होता खरा, पण सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात तोही मावळला होता. संधिप्रकाश विरायच्या आत गेला, दिसणार कुठून? जुने लोक या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणे होते. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथापासून चंद्राला बारा 'कालांश' सांगितले आहेत, आणि मी ते साधे अंश समजून चाललो होतो. कालांश म्हणजे वेळेत मोजलेले अंश. एक कालांश चार मिनिटांचा, बारा कालांश म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, दोन घटका. सूर्य मावळल्यावर चंद्र निदान दोन घटका वर राहिला पाहिजे, मग तो दिसतो. पंचांगात सूर्यास्त आणि चंद्रास्त दोन्ही दिलेले असतात. वजाबाकी करा. पाऊण तासाच्या वर फरक असेल तर खुशाल गच्चीवर जा. चाळीस मिनिटं असेल तर आकाश आणि डोळे दोन्ही स्वच्छ हवेत. अर्धा तास असेल तर आजींना जेवून घ्यायला सांगा.

तिरकेपणाचं कारण ऋतूत आहे. फाल्गुन-चैत्रात संध्याकाळी सूर्य-चंद्राचा मार्ग आपल्या अक्षांशावर क्षितिजातून जवळजवळ सरळ वर चढतो. बारा अंश पुढे गेलेला चंद्र बारा अंश उंचच असतो. कोर आडवी, होडीसारखी. भाद्रपद-आश्विनात हाच मार्ग दक्षिणेकडे कलंडतो, क्षितिजाशी पन्नास अंशांच्या आसपासचा कोन करतो. मग तेच बारा अंश उंचीत नऊच भरतात. शिवाय चंद्र स्वतः त्या मार्गाच्या पाच अंशांपर्यंत खाली-वर असतो. त्या दिवशी खाली असला तर सहाच अंश. त्या आजींच्या दिवशी तेच झालं होतं.

पुष्कळ जण फसतात ती आणखी एक गोष्ट म्हणजे मोबाइलवरची 'चंद्रोदय' वेळ. संकष्टीची सवय असते, चंद्रोदय बघायचा आणि उपास सोडायचा. बीजेला चंद्र उगवतो सकाळी, सूर्यापाठोपाठ. सात-आठ वाजताचा चंद्रोदय बघून "गुरुजी, सकाळी ओवाळायचं का?" असे फोन मला आले आहेत. बीजेला उदयाशी काही देणंघेणं नाही. अस्त बघायचा.

बघायला कधी उभं राहायचं? सूर्य मावळल्यावर लगेच आकाश फार उजळ असतं, आणि फार उशीर केला तर चंद्र धुरकट थरात उतरतो. सूर्यास्त आणि चंद्रास्त यांच्या मधल्या वेळेच्या निम्म्याला जरा आधी सगळ्यात बरं दिसतं. पन्नास मिनिटं असतील तर सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांनी. सूर्य मावळला त्या जागेच्या वर आणि थोडं डावी-उजवीकडे, हात लांब करून दीड वितीच्या आत शोधा. दुर्बीण वापरणार असाल तर सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय ती डोळ्याला लावू नका. आणि विमानाची उजळलेली रेघ चंद्र म्हणून ओवाळू नका; आमच्याकडे हेही झालं आहे. कोर नीट दिसली की तिच्या पोटातला अंधारा गोळाही राखी रंगात अंधुक दिसतो. पृथ्वीवरून परतलेल्या उजेडाने तो तसा दिसतो.

आता 'मु. ३०'. हा मुहूर्त म्हणजे लग्नाचा मुहूर्त नव्हे. चंद्रदर्शनाच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्याचं हे जुनं माप आहे. भरणी, आर्द्रा, आश्लेषा, स्वाती, ज्येष्ठा, शततारका ही सहा नक्षत्रं पंधरा मुहूर्तांची. रोहिणी, पुनर्वसू, विशाखा आणि तिन्ही उत्तरा ही पंचेचाळीसची. बाकी सगळी तीसची. तीस मुहूर्त म्हणजे एक पूर्ण अहोरात्र. त्यावरून त्या महिन्याच्या धान्याच्या भावाचा अंदाज बांधत: पंधरा आलं तर महर्घ म्हणजे महागाई, तीस आलं तर साम्यार्घ म्हणजे भाव स्थिर, पंचेचाळीस आलं तर समर्घ, स्वस्ताई. संक्रांतीलाही हाच हिशेब लावतात. पूर्वी व्यापारी मंडळी हे वाचूनच पंचांगाचं पान उलटत. तुम्ही त्यावरून तूरडाळ भरून ठेवू नका. चंद्र एका नक्षत्रात दिवसभर असतो आणि भाव ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. मी ते छापतो, कारण परंपरा आहे आणि गणित म्हणून ते निर्दोष आहे.

शृंगोन्नती मात्र डोळ्यांनी पडताळता येते. शृंग म्हणजे शिंग, कोरीचं टोक. पश्चिमेला तोंड केलं की उजवा हात उत्तरेला. उजवीकडचं टोक वर असेल तर उत्तर शृंगोन्नती, डावीकडचं वर असेल तर दक्षिण. शरदात कोर उभट आणि उजवं टोक वर, वसंतात जवळजवळ सपाट. वराहमिहिराने बृहत्संहितेत या आकारांना नावं दिली आहेत, नौ म्हणजे होडी, लांगल म्हणजे नांगर, दंड वगैरे, आणि प्रत्येकाचं फळही सांगितलं आहे. उत्तरेचं शिंग वर असणं चांगलं मानलेलं. फळाचं बाजूला ठेवा, पण आकार बघा. मुलांना वहीत दर महिन्याची कोर काढायला सांगा, जशी दिसली तशी कललेली. वर्षभरात बारा चित्रं होतात आणि ऋतू कसा फिरतो ते त्यांना न शिकवता कळतं. पावसाळ्यातली दोन-तीन पानं कोरी राहतील, राहू द्यात.

जुन्या आणि नव्या पंचांगातला वादही या कोरीशी जोडलेला आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला, आणि साडेतीनशे वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर चालली. त्या गणितात तिथीला 'बाणवृद्धी, रसक्षय' अशी मर्यादा असे: साठ घटकांवर फार तर पाच वाढणार, फार तर सहा घटणार. म्हणजे तिथी कमीत कमी चोपन्न घटकांची. २०२५ च्या गुढीपाडव्याची प्रतिपदा एक्कावन्न घटकांचीच होती! आकाशातला चंद्र ती मर्यादा पाळत नाही. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे, मग व्यंकटेश बापूजी केतकर यांनी वेधाशी, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष बघून घेतलेल्या मापाशी, जुळणारं गणित आणलं ते यासाठीच. ग्रहणं आणि चंद्रदर्शन या दोन जागी सामान्य माणूसही पंचांगाची परीक्षा घेऊ शकतो, म्हणून पंचांगकर्ते या दोन ओळींना सगळ्यात घाबरतात. मीसुद्धा.

विधीचं थोडक्यात. धर्मशास्त्रात हे एकादशीसारखं सक्तीचं व्रत नाही. कोणी दिवसभर उपास करून चंद्र पाहून सोडतात, कोणी नुसता नमस्कार करतात. दोन्ही चालतं. बौधायनसूत्राचे याज्ञिक दर्शेष्टीचा, म्हणजे अमावास्येला जोडून येणाऱ्या यज्ञाचा, दिवस ठरवताना संध्याकाळी चंद्र दिसणार का हे बघत, पण ते अग्निहोत्र्यांचं झालं, आपल्या घरचं नव्हे. पाणी, गंध, अक्षता, पांढरं फूल, दूध-साखरेचा नैवेद्य. पश्चिमेला तोंड करून अर्घ्य द्यायचं. म्हणायला सोपा श्लोक सगळ्यांना ठाऊक असलेला, नवग्रहांतला:

दधिशंखतुषाराभं क्षीरोदार्णवसंभवम् ।
नमामि शशिनं सोमं शंभोर्मुकुटभूषणम् ॥

वेदातलं हवं असेल तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात 'नवो नवो भवति जायमानः' ही ऋचा आहे. दर वेळी नव्याने जन्मणारा, असा चंद्र. पुढे तो दीर्घ आयुष्य देतो असंही त्यात आहे. मला स्वतःला ही ऋचा जास्त आवडते, कारण ती पाठ म्हणताना समोर खरोखरच नवा चंद्र असतो.

भाऊबीजेला आपल्याकडे बहीण आधी या कोरीला ओवाळते आणि मग भावाला. भाऊ नसेल तर चंद्रालाच ओवाळायचं. तो सगळ्यांचा चांदोमामा. तेव्हा वर्षातलं एक चंद्रदर्शन तुमच्या घरी बहुतेक आधीपासूनच चालू असणार. फक्त त्या दिवशी चंद्रास्ताची वेळ बघून ओवाळणीची वेळ ठरवा. रात्री साडेनऊला ताट घेऊन अंगणात आलेल्या बहिणी मी पाहिल्या आहेत, तोवर मामा घरी गेलेला असतो.

दोन गैरसमज जाता जाता. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला असते. त्या दिवशी चंद्र जवळजवळ पूर्ण असतो आणि सूर्य मावळल्यावर उगवतो, कोरीचा प्रश्नच नाही. दुसरं, 'भाद्रपदात चंद्र बघू नये' असं सरसकट काही नाही. निषेध चतुर्थीचा आहे, स्यमंतक मण्याच्या कथेमुळे. भाद्रपदाच्या बीजेची कोर बिनधास्त बघा, दिसली तर.

ढगांचं म्हणाल तर आषाढ-श्रावणात ते असणारच. गणिताने चंद्र वर आहे त्या वेळेत पश्चिमेला तोंड करून अर्घ्य द्या, झालं. उपास असेल तर चंद्रास्तानंतर सोडा. दुसऱ्या दिवशी उघडीप झाली आणि कोर दिसली तर हात जोडा. नाहीतर राहू द्या. सासूबाईंना वाईट वाटत असेल तर माझं नाव सांगा.

नणंदेला मात्र आपलं कॅलेंडर देऊ नका. तिकडचा सूर्यास्त आपल्यानंतर साधारण दहा तासांनी होतो. चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, म्हणजे तिच्या संध्याकाळपर्यंत तो आणखी पाचेक अंश पुढे गेलेला असतो. आपल्याकडे अकरा अंशांवर हुकलेला चंद्र तिच्याकडे त्याच तारखेला पंधरा-सोळा अंशांवर असू शकतो. २ नोव्हेंबर २०२४ चा पाडवा असा होता. पण तिकडे अक्षांश चाळीसच्या आसपास, शरदात चंद्राचा मार्ग आपल्यापेक्षाही जास्त आडवा पडतो, त्यामुळे नुसत्या अंशांवर जाऊन चालत नाही. तिने तिच्या गावाच्या सूर्यास्त-चंद्रास्ताची वजाबाकी करावी. दोन घटकांचा नियम तिथेही लागू आहे.

शेवटी एक राहिलं, जे तुम्ही विचारलं नाहीत पण सासूबाई कदाचित करत असतील. आमची आजी कोर दिसली की लुगड्याच्या पदराची एक दशी ओढून काढायची, चंद्राच्या दिशेने फुंकायची आणि म्हणायची, "जुनं घे, नवं दे." मग आम्हा पोरांच्या शर्टाची शिवणही उसवून दोरा काढायची. पोथीत हे मला कुठे सापडलं नाही, पण आमच्या घरी चुकलं नाही. आता अडचण एकच येते, हल्लीच्या साड्यांची दशी निघत नाही, ओढली की सगळी कड चुणते. सुती रुमाल जवळ ठेवा.